हिरव्यात हिरवी

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद. मी बरा आहे आणि जेवतो वेळेवर. हे दोन्ही तू विचारणारच, म्हणून आधीच लिहून टाकलं.

तू पाठवलेलं पार्सल सोमवारी मिळालं. कॉम्प्युटरवर एकमेकांना बघत बोलायचा कॅमेरा अगदी डबीएवढा आहे. त्याची वायर चपटी आहे, मागे चपट्या खाचा चार आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही खाचेत ती चालते असं तू लिहिलंयस. असं असलं की मला बरं वाटतं.

बाकीचं जमायला वेळ लागेल. आई गेली त्या दिवशी माणसांना बसायला जागा हवी म्हणून शेजाऱ्यांनी तिचं टेबल आतल्या खोलीत नेलं, तेव्हा कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपसून एका पिशवीत भरल्या. अडीच महिने ती पिशवी खुंटीलाच होती. आई त्या कॉम्प्युटरवर वकिलांचे कागद टाइप करायची. मी त्याच्या मागे कधी डोकावलोही नव्हतो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, तसं काल पहिल्यांदा वाकून पाहिलं. कंबर धरली.

मागची बाजू पाहून मला आमची पाणीमीटर तपासायची खोली आठवली. मग मी आपल्या सवयीने मोजदाद केली. विजेची खाच तीन जाड पिनांची. एक लांबट, पंचवीस भोकांची, ती जुन्या प्रिंटरची. पंधरा भोकांची, पाच-पाचच्या तीन ओळी आणि दोन्ही बाजूंना स्क्रू, ती स्क्रीनची. तिच्या वायरीची एक पिन वाकली होती, ती चिमट्याने हळूच सरळ केली. टेलिफोनसारखी चौकोनी, टक्क आवाज करून बसते, ती इंटरनेटची. भोकं मोजली की झालं. चुकीच्या जागी वायर बसतच नाही. हे ज्याने केलं तो शहाणा माणूस असणार.

पाच मात्र राहिल्या. दोन गोल खाचा आहेत, सहा-सहा भोकांच्या, अगदी सारख्या. आणि तीन बारीक भोकं, तीही सारखी. पार्सलमधल्या तुझ्या कागदावर त्यांच्यापुढे नुसते रंगांचे ठिपके आहेत. वरून पहिली, वरून दुसरी, असे आकडे दिले असतेस तर बरं झालं असतं. सवडीने कळव. घाई नाही.

टुण्याच्या चित्राबद्दल तू बोललीस. पानं चॉकलेटी आणि खोड हिरवं. अगं, पहिलीतलं पोर आहे तुझं. फार रागावू नकोस.

परत जाताना तू स्वयंपाकघरात मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर राहिलं आहे. लिहीन.

तुझे,
बाबा

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद. मागच्या आठवड्यात माझं पत्र वाचून तू फोन केलास तो हसतच. "अहो बाबा, आकडे कशाला हवेत? हिरव्यात हिरवी, गुलाबीत गुलाबी, जांभळ्यात जांभळी! बालवाडीतलं पोर लावेल." खरं आहे. बालवाडीतली बहुतेक पोरं लावतील.

त्याच संध्याकाळी मी पाचही वायरी लावल्या. स्क्रीन उजळली. पण कीबोर्ड बडवला तरी एक अक्षर उमटेना आणि माउसचा बाण मधोमध उभा, ढिम्म हलेना. वायरी तर घट्ट बसल्या होत्या. म्हणून मी तुला कीबोर्ड बिघडला असं कळवलं आणि तू इथल्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करून पाठवलंस.

तो आला, मागे वाकला आणि हसायलाच लागला.

"काका, घरं चांगली आहेत, भाडेकरू चुकलेत."

"म्हणजे?"

"कीबोर्डच्या जागी माउस आणि माउसच्या जागी कीबोर्ड. बसतात दोन्हीकडे, पण चालत नाहीत. आणि हे काय, स्पीकरची पिन माइकच्या भोकात! कानातलं तोंडात घातलंत की हो."

"तिथे अंधार आहे," मी म्हणालो.

"ट्यूब तर डोक्यावर आहे." त्याने एक पिन माझ्यासमोर धरली. "ही कोणत्या रंगाची, काका?"

"चष्मा बदलायला टाकलाय," मी म्हणालो. चष्मा माझ्या नाकावर होता.

चांगला माणूस आहे. दोन मिनिटांत सगळं चालू करून गेला. तो जिना उतरल्याबरोबर मी कॉम्प्युटर बंद केला आणि पाचही वायरी परत ओढून काढल्या. का ते विचारू नकोस. हल्ली एका जागी बसवत नाही. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जातो, पाणी पितो, परत येतो, तहान नसताना परत जातो.

मग माझ्या पद्धतीने केलं. मागच्या पत्र्यावर प्रत्येक खाचेशेजारी बारीक खुणा कोरलेल्या आहेत. धूळ बसल्यामुळे डोळ्यांना लागत नाहीत, पण बोटाला लागतात. कचेरीत एखाद्या मीटरवरचा नंबर झिजला असला की आम्ही त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल घासायचो. नंबर कागदावर उमटायचा. तसंच केलं. एका गोल खाचेशेजारी छोटे छोटे चौकोन उमटले, तो कीबोर्ड. दुसऱ्या खाचेशेजारी शेपटीवाला माउस. तीन बारीक भोकांपैकी एकाशी बाहेर येणारा बाण, एकाशी आत जाणारा आणि एकाशी माइक. वायर कुणाची ते कळायला तिच्यावर बोट ठेवून मागे मागे गेलं की पुरे. वीस मिनिटांत सगळं लागलं आणि चालू झालं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. रविवारी तू फोनवर सांगितलंस की बाईंनी टुण्याच्या वहीत लाल शाईने 'निष्काळजी' असा शेरा मारलाय. तू त्याला तेच चित्र चार वेळा काढायला लावलंस. चारही वेळा त्याने तसंच रंगवलं, तेव्हा रंगपेटी कपाटावर टाकलीस आणि खेळायला जाऊ दिलं नाहीस. "मुद्दाम करतो बाबा, आगाऊ झालाय नुसता," म्हणालीस. मागून त्याचा आवाज येत होता. "मी बरोबरच काढलंय" असं तो रडत रडत म्हणत होता. तेव्हा मी दार वाजलं म्हणून फोन ठेवला. दार वाजलं नव्हतं.

तो मुद्दाम करत नाही. मला कसं माहीत, ते आता विचारू नकोस. रंगपेटी त्याला परत दे.

तुझे,
बाबा

ता.क. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी सांगून ठेवून देईन.

१५ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र मी फ्रिजवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. बसलो की उठावंसं वाटतं. अक्षर वेडंवाकडं आलंय ते चालवून घे.

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. गुलाबी आणि करडा तर एकमेकांचे सख्खे भाऊच. जांभळा कधी निळा असतो, कधी तोही नसतो. जन्मापासून असं आहे. तुझ्या कागदावरच्या ठिपक्यांत एक जरा गडद आणि एक जरा फिका एवढं मला दिसत होतं. त्यांतला हिरवा कोणता म्हणायचा, ते कळत नव्हतं.

रेल्वेचं इंजिन चालवायची नोकरी वशिला नव्हता म्हणून हुकली, असं मी आयुष्यभर सांगत आलो. तुझ्या आजोबांना सांगितलं, कचेरीत सांगितलं, तुलाही सांगितलं. तू सातवीत निबंधात तसं लिहिलंस आणि वशिलेबाजीला चार ओळी झोडपून काढलंस. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. वशिल्याचा काही संबंध नव्हता. डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवतात. त्यातला आकडा बाकी सगळ्यांना दिसला, मला दिसला नाही. मग मी मीटरकडे वळलो. तिथे आकडे असतात आणि ते काळे असतात.

त्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. "उद्या तुम्हाला मुलगी झाली तर तिला सगळं नीट दिसेल. पण तिच्या मुलावर लक्ष ठेवा. हे आजोबांकडून आईच्या वाटेने नातवाकडे जातं. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतं."

लग्नानंतर आठव्या दिवशी आईला कळलं. मी बाजारातून किलोभर कच्चे टोमॅटो आणून "बघ, काय लालबुंद मिळालेत" म्हणालो होतो. ती पोट धरधरून हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. त्यानंतर तिने सगळं बिनबोभाट सांभाळलं. दुकानात मी चुकीच्या कापडाला हात घातला की नुसतं "पलीकडचं" म्हणायची. तुला सांगायचं नाही असं वचन मी तिच्याकडून घेतलं होतं. टुण्या झाला तेव्हा ती म्हणाली, "आता तरी सांगा हो तिला." मी म्हणालो, "बघू. पोराला नसेलही." सहा वर्षं मी बघतोच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू विचारलंस, "रोज समोरासमोर बसून चहा पीत होतात. आई एवढी पांढरीफटक पडली, तुम्हाला दिसलं नाही?" मी कप विसळत होतो, तो विसळतच राहिलो. तू बाहेर गेलीस. तेव्हापासून आपण फोनवर जेवण, हवा आणि वायरी एवढंच बोलतो.

नाही, ठकू. मला दिसलं नाही.

लक्ष नव्हतं असं मात्र समजू नकोस. ती जिन्यात थांबायला लागली हे मला दिसलं. कणीक मळताना दम लागतो हेही दिसलं. विचारलं तर म्हणायची, "वय झालं. तुमचं नाही झालं का?" पण चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणजे नक्की काय होतं, ते मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. समोरच्या वहिनी महिनाभर लेकीकडे राहून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अगंबाई, हे काय! कागद झालीस की!" मी वळून तिच्याकडे पाहिलं. मला ती रोजच्यासारखीच दिसली. त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. पोटात आतल्या आत रक्त जात होतं, ते तुला माहीतच आहे. अकराव्या दिवशी संपलं. महिनाभर आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

आरशात तिला दिसतच असणार. दुसऱ्या कुणापासून लपवायला तिला पावडर तरी लावावी लागली असती. माझ्यापासून लपवायला काहीच करावं लागलं नाही. ह्याचा मला राग येतो. कुणावर येतो ते कळत नाही. मग मी वायरी काढतो आणि परत लावतो.

तुला आधीच ठाऊक असतं, तर तू दर फोनला वहिनींना नाहीतर आणखी कुणाला तरी विचारलं असतंस, आई कशी दिसते म्हणून. माझ्या भरवशावर राहिली नसतीस. लाज माझी होती आणि ती झाकायचं काम तुझ्या आईने केलं. आता ते टुण्याच्या वाट्याला नको. त्याला असं वाटायला लागलंय की आपण खरं बोललो तरी शिक्षा होते. अजून दोन वर्षांनी तो कुणाला तरी विचारल्याशिवाय रंगाचं नाव घेणार नाही, आणि पुढे विचारणंही सोडून देईल. मला माहीत आहे.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याला तू ने, ते काय म्हणायचं ते म्हणतील. सोमवारी शाळेत मात्र मी जाईन. बाईंना सांगेन की पोर निष्काळजी नाही, हे माझ्याकडून आलंय. तू बरोबर येऊ नकोस. तू असलीस की मी गप्प बसेन.

रविवार आपल्याला मोकळा आहे. त्या दिवशी रंगपेटी काढू. एकेका खडूला कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर नाव लिहायचं. पट्ट्या मी कापेन. नावं टुण्या लिहील. पण कोणता खडू कोणता, ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. त्यासाठी तुला आमच्यामध्ये बसावं लागेल.

तुझा, आणि टुण्यासारखाच,
बाबा