मागणीची व्याख्या

प्रिय मास्तरीणबाई,

घाईत लिहितोय. तुझा भाऊ काउंटरला टेकून उभाय, तुमचा मिक्सर न्यायला. मिक्सर कधीच दुरुस्त झालाय, पण मोटर अजून तापतेय अशी थाप मारून त्याला थांबवलंय आणि मागे स्क्रूच्या डब्यावर कागद ठेवून हे खरडतोय. त्यानेच आत्ता सहज सांगितलं, ताईला मागणी आलीय, बाबा उद्या दुपारी होकार कळवणार. ताई काय म्हणते विचारलं, तर म्हणे गप्पच असते. माझ्या हातातला पाना पायावर पडला. पाना ठीक आहे.

आठवतं, अर्थशास्त्राच्या पेपरात 'मागणी म्हणजे काय' याला मी लिहिलं होतं, 'मुलाकडचे चहा पिऊन गेले की मागून येते ती'? सरांनी वर्गात वाचून दाखवलं, सगळे लोळले. तू नाही हसलीस. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसवून घोटून घेतलंस. नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत गाढवा, इच्छा हवी, ऐपत हवी आणि खर्च करायची तयारीही हवी. 'गाढवा' व्याख्येत नव्हतं, तरी मी तेही पाठ केलं. आणि ते दुसरं, एक निवडलं की जे हातचं जातं तीच खरी किंमत. ते तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. आज पाना पडला तेव्हा कळलं.

भाऊ हाका मारतोय, अजून किती वेळ रे. मोटरचा वास घेतोय म्हटलं. घाम मलाच फुटलाय.

तर ऐक. इच्छा जिन्याखालीच होती. ऐपत नव्हती म्हणून नुसत्या खोड्या काढत राहिलो. मागच्या महिन्यात शेठनी मला कायम केलं. तयारी म्हणशील तर तुझ्या बाबांसमोर उभं राहायचीसुद्धा आहे. म्हणजे व्याख्या पूर्ण झाली. तू काही दुकानातली वस्तू नाहीस, म्हणून बाबांना नाही, आधी तुलाच विचारतोय. कागद छोट्या भांड्यात टाकतोय. झाकण तुझ्या आईने उघडलं तर माझं काही खरं नाही. मिक्सर ठणठणीत आहे, स्वतः फिरवून बघितलाय. तरी उद्या सकाळी बिघडला म्हणून परत आला, तर मी घरी येईन, दुरुस्तीला नाही. नाही आला, तर छान चाललाय असं समजेन आणि तोंड उघडणार नाही. या वेळी मस्करी नाही.

व्याख्या पाठ असलेला,
तुझाच गाढव