चौथ्या मुलीचं नाव

२९ ऑक्टोबर

बाबांना काल पोचवून आलो. विहारात झाडू मारता मारता खाली बसले ते उठलेच नाहीत. गावातली माणसं घरी घेऊन आली तेव्हा मी जवळा बाजारला लॅबमध्ये होते. करुणाताईचा फोन आला. मी हातातली सुई नीट टोपण लावून ठेवली, पेशंटच्या हातावर कापूस दाबला, मग निघाले. काळी-पिवळी जीप भरेपर्यंत थांबले. शिरड शहापूरला उतरून घरापर्यंत चालत आले. ओट्यावर माणसं बसलेली.

रडू आलं नाही. अजून नाही.

३० ऑक्टोबर

जेवले. झोपले.

२ नोव्हेंबर

पुण्यानुमोदन झालं. भन्ते आले होते. मैत्रीताई आणि मुदिताताई वंदना म्हणताना मध्येच थांबत होत्या, करुणाताईला तर बोलताच येईना. माझा आवाज शेवटपर्यंत सारखा. मागे बायका बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "नावासारखी हाय पोरगी. डोळ्याला पाणी न्हाई."

कौतुकानं म्हणाली की टोमणा मारला, कळलं नाही. दोन्ही सारखंच वाटलं.

आई खांबाला टेकून बसली होती. ती पण रडली नाही. पण आई कधीच फार बोलत नाही, रडत नाही. तिचं वेगळं.

५ नोव्हेंबर

ताया गेल्या आपापल्या घरी. आई आणि मी. दोन माणसांचा भात किती टाकायचा ते तिला जमेना, उरला.

६ नोव्हेंबर

लॅबला गेले. सर म्हणाले, अजून दोन दिवस थांबायचं ना. घरी काय करू?

सकाळपासून तीन पुजा आल्या. एक शिंदे, एक खिल्लारे, एक माहेरचं आडनाव सांगू की सासरचं विचारणारी. नळ्यांवर पुजा-पुजा-पुजा. आडनाव मोठ्या अक्षरात लिहावं लागतं, नाहीतर रिपोर्टचा घोळ. 'उपेक्खा' नावाची नळी आयुष्यात एकदाच लिहिली, माझीच. एकदा मोबाईलवर शोधलं होतं, या नावाची दुसरी बाई सापडते का. मोबाईलच म्हणाला, तुम्हाला 'उपेक्षा' म्हणायचं आहे का?

माणिकराव साखर तपासायला आले. दर महिन्याला येतात, दर महिन्याला नाव विचारतात. आज म्हणाले, "उपेक्षा? बापाला नको व्हतीस काय गं तू?" एरवी मला राग आला असता. बाबांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं असतं. आज म्हटलं, "मूठ घट्ट मिटा काका." शीर शोधली.

९ नोव्हेंबर

बाबांनी सांगितलेलं लिहून ठेवते. आता सांगणारं माणूस नाही.

विहारात चार गोष्टींची भावना करतात. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा. सगळ्यांशी मैत्री. दुःखी माणसाबद्दल करुणा. दुसऱ्याच्या आनंदात आनंद, ती मुदिता. आणि उपेक्खा — सुख आलं तरी उडायचं नाही, दुःख आलं तरी बुडायचं नाही, आपलं-परकं न करता बघायचं. शब्द पाली भाषेतला. मराठीत आणला की 'उपेक्षा' होतो आणि सगळा अर्थच उलटतो. पहिल्या तिघींची नावं मराठीत चालून गेली. माझं मात्र पालीतच ठेवावं लागलं.

चौथीत असताना बाईंनी हजेरीत 'उपेक्षा' लिहिलं. बाबा तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार. ड्युटीवरून तसेच सायकलनं शाळेत आले, खाकी शर्टावर चिखल. वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, क्ष न्हाई, क्ख. आमी लई मनापासून ठेवलेलं नाव हाय." बाई चांगल्या होत्या, लगेच खोडून नीट लिहिलं. मला तेव्हा लाज वाटली होती, सगळी पोरं वळून बघत होती म्हणून.

एकदा मी विचारलं होतं, काहीच वाटून घ्यायचं नाही म्हणजे उपेक्खा का? हसले. "दगडाला बी काही वाटत न्हाई. त्याला कोणी उपेक्खा म्हणत न्हाई."

मग मी आता काय आहे?

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१६ नोव्हेंबर

रविंद्र आणि त्याची आई येऊन गेले. दिवाळीत सुपारी फुटली तेव्हा बाबा होते. लग्न एकवीस डिसेंबरला ठरलेलं, तेच ठेवायचं असं दोन्हीकडचं म्हणणं. बाबांचीच इच्छा होती म्हणे. रविंद्र हिंगोलीला कॉलेजात लिपिक आहे. बरा आहे. कमी बोलतो. बाबा गेले त्या दिवशी रॉकेलपासून चहापर्यंत सगळं त्यानंच बघितलं, असं मला नंतर कळलं.

चहा झाल्यावर मिनाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, विषय काढला. पत्रिका छापायला टाकायची आहे. नावाचं काय करायचं?

"नावाचं काय?" मी विचारलं.

"रागावू नको लेकरा. आपल्यातल्या लोकायला कळंल, पण पत्रिका काय आपल्यातच जाती का? कॉलेजातले सायेब येणार, शेजारपाजार येणार. 'रविंद्र आणि उपेक्खा' वाचून काय म्हणतील? एक तर छापणारा चुकला म्हणतील, न्हाई तर पोरगी घरात नकोशी व्हती म्हणतील." मग हळू आवाजात, "अपेक्षा ठेवू. एक-दोन अक्षरांचा तर फरक हाय. किती पोरींचं हाय ते नाव."

वाईट बाई नाहीत. खरंच काळजीनं बोलत होत्या.

रविंद्र खाली बघत होता. म्हणाला, "तुम्हाला पटलं तरच."

मी म्हटलं, चालेल.

इतकं सोपं होतं. तोंडातून निघून गेलं. त्यांनाही नवल वाटलं असावं, मिनाबाईंनी दोनदा विचारलं. चालेल म्हटलं ना.

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच बंद झाला, मग परत सुरू झाला.

१७ नोव्हेंबर

करुणाताईचा फोन. तिला कळलंय. ओरडली. "बाबा जाऊन महिना न्हाई झाला अन् तू त्यांनी ठेवलेलं नाव टाकून राहिलीस? तुला काहीच कसं वाटत न्हाई गं?"

वाटत नाही, ताई. तेच तर. सकाळी दात घासताना वाटत नाही, बाबांची चप्पल दिसली तरी वाटत नाही. लोक अपेक्षा म्हणतील तर म्हणतील. वीस वर्षं अर्धे लोक तसंही चुकीचंच म्हणतात. मी हे काही बोलले नाही. तिनं रडत रडत फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर

आई माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे नेहमीपेक्षा कमी.

२१ नोव्हेंबर

रविंद्रचा मेसेज — उद्या पत्रिका टाकतोय, एकदा विचारतो, नक्की ना? मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात आई समोर येऊन बसली. म्हणाली, "नाव बदलायचं न्हाई."

मी म्हटलं, काय फरक पडतो आई. बाबांनी ठेवलं होतं, बाबा गेले. आता त्याचा अर्थ तरी कोण सांगत बसणार आहे.

आई म्हणाली, "त्यानं न्हाई ठेवलं. मी ठेवलं."

ती कशी बोलली तसं लिहिते.

"तू पोटात असतानाच ठरलं व्हतं. तुझ्या बाबाची बहीण, भिकाबाई. जिंतूरला दिलेली, मूलबाळ न्हाई. चवथी बी पोरगीच झाली तर तिला द्यायची, असा शब्द दिला तुझ्या बाबानं. मला कोणी इचारलं न्हाई. तू झालीस. मी बाळंतिणीच्या बाजेवर, अन् ती जीप करून आली. टोपडं, दुपटं, दुधाची बाटली — सगळं नवं. नाव बी ठरवून आणलेलं. ऐश्वर्या. तवा लई चालायचं ते नाव."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. तिनं हात पुढं केले. मी म्हनलं, नाव ठेवून झालंय. उपेक्खा. सगळ्यांसमोर म्हनलं. तुझ्या बाबाचं तोंडच मिटलं. रोज इहारात चारी शब्द तोच म्हणायचा — मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा. तीन घरात ठिवायच्या अन् चवथी देऊन टाकायची, कसं जमंल? मी म्हनलं, तोडा आता चार शब्द, बघते मी."

"तुला अर्थ माहीत होता?"

"मला कशाचा ठावं. चवथं व्हतं, एवढंच ठावं."

मग मी म्हटलं, पण बाबा तर सगळ्यांना सांगायचे, मी ठेवलं म्हणून. शाळेत सुद्धा.

"सांगू दे म्हनलं. आधी दोन महिने तुला उचललं न्हाई त्यानं. मग कोणी नाव इचारलं तर त्यालाच सांगावं लागायचं, अर्थ समजावून. सांगून सांगून त्याचंच झालं. त्यानं आपलं म्हनलं म्हून तर तू राह्यलीस. मी काहून मोडू?"

उठून गेली. गॅस चालू करून दूध ठेवलं.

मी मेसेजला उत्तर दिलं नाही. भिंतीवर बाबांचा फोटो आहे, हार घातलेला. त्याच्याकडे बघत बसले. अजून काही वाटलं नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी रविंद्रला फोन केला. नाव बदलणार नाही म्हटलं. तो म्हणाला, आईला काय सांगू? मी म्हटलं, सांगा, माझ्या आईनं ठेवलंय. मग म्हणाला, "बराबर हाय. तसंच छापतो. आईशी मी बोलतो."

फोन ठेवला आणि बाबांचा राग आला. जन्मात पहिल्यांदा. दोन महिने उचललं नाही. आणि मग ते चिखलाच्या शर्टातले बाबा वर्गाच्या दारात. दोन्ही एकच माणूस. तिथंच खाली बसले आणि रडले. पोट दुखेपर्यंत. आई आतून आली, शेजारी बसली, काहून म्हणून विचारलं नाही.