कुंकू नसलेलं मिलिंग मशीन

११ सप्टें.
शेडमध्ये लेथ एकटं पडलंय. एवढीशी खाच पाडायची झाली तरी जॉब पिशवीत घालून जालन्याला जावं लागतं. एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने वडीगोद्रीहून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे हसूच. खाचा पाडायला आपलंच मिलिंग मशीन घ्यायचं. ठरलं.
उजवा हात आज पुन्हा थरथरला. चहा सांडला. सिंधूला म्हणालो, कप गरम होता. तिने कप उचलला, फरशी पुसली. बायको गप्प राहिली की मला जास्त भीती वाटते.

१३ सप्टें., शनि.
शनिवारी लोखंड घेत नाहीत, पण बघायला काय हरकत. जालन्यात दोन मशीनं बघितली.
पहिलं नवं, टेबलावर मावेल एवढं, घरच्या लाइटीवर चालणारं. डायल नाजूक. त्यावरची हवी ती रेघ धरायला गेलो की पुढे सरकायची. डायल भंगार आहे म्हणालो. दुकानदार डायलकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होता.
दुसरं जुनं धूड, एका बंद वर्कशॉपात. मालक भानुदासराव. हँडल मोठं, मुठीत गच्च बसतं. टेबल लोण्यासारखं सरकतं. त्याला थ्री फेज लागतं, पण वडिलांच्या गिरणीचं ते कनेक्शन शेडमध्ये आहेच. मन बसलं.
फक्त एक. तिथल्या लेथवर, ड्रिलवर, ग्राइंडरवरसुद्धा मागच्या दसऱ्याचं हळदकुंकू वाळून बसलंय. मिलिंग कोरं. विचारलं, तर भानुदासराव म्हणाले, "राहून गेलं आसंल." आणि लगेच किंमत उतरवली. मी म्हटलंही नव्हतं.

१६ सप्टें.
डोक्यातून जात नाही. आमच्या टूलरूममध्येही खंडेनवमीला एखादं मशीन वगळायचे. ज्याला माणसाचं रक्त लागलं, त्याला कुंकू नाही. "तिनं आपलं आपण लावून घेतलं," म्हणायचे जुने लोक. मी हसायचो.
सिंधू: "पितरपाटात लोखंड घरात आणू नका. घट बसू द्या." बरं म्हटलं. इसार कालच देऊन आलो, ते सांगितलं नाही.

१९ सप्टें.
वर्कशॉपाशेजारच्या चहावाल्याने त्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरचं नाव-गाव सांगितलं. शंकर, कुंभार पिंपळगाव. एसटीने गेलो. आता दोरखंड विकतो. उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं. त्याच हाताने मला चहा दिला.
वाटलं, मशीनला शिव्या घालील. उलटंच झालं.
"मशीन सोन्यासारखी हाय, बिनधास्त घ्या. चूक माझी व्हती. सहा महिने हात थरथरत व्हता. काम जाईल म्हून कोणाला बोललो न्हाई. बायकोलाबी न्हाई. कटर चालू आसताना चुरा काढायला गेल्तो, आन हात आपला आपण पुढं गेला."
मी हात खिशात घातला. त्याने बघितलंच.
"तुमचाबी थरथरू राह्यला की."
म्हटलं, एसटीचे धक्के.


२४ सप्टें.
घट बसले, मशीन आलं. उतरवताना शेडची फरशी हादरली. बंद करायचं लाल बटण दाबून बघितलं, ते बरोबर चालतं. पण त्यानंतरही कटर थोडा वेळ फिरत राहतो. तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, याचा विचार करत उभा राहिलो.
अजून परत करता येईल. इसार बुडेल, बुडू दे. पण हा हात नुसता मांडीवर ठेवून बसलो तर मी उरतो कुठे?
डॉक्टर दसऱ्यानंतर.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सिंधू ताट घेऊन शेडमध्ये आली. मी म्हटलं, मिलिंगला राहू दे. "का?" सांगता येईना. म्हटलं, आण, मीच लावतो. बोट मशीनपर्यंत पोचायच्या आत कुंकू फरशीवर.
तिने ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोळ्यापास्नं बघू राह्यले मी. शर्टाचं बटन लागंना तुमाला. तुमी सांगताल म्हून थांबले."
चोरी करताना सापडल्यासारखा उभा होतो.
तिने माझा उजवा हात धरला आणि एकेका बोटाला कुंकू लावलं. पाचही. मशीनला नाही. मेन स्विचच्या पेटीला कुलूप घालून किल्ली पदराला बांधली.
"आधी दवाखाना. मंग तुमचं काय ते."

२ ऑक्टो., दसरा
सोनं देताना आपट्याची पानं हातात हलत होती. सगळ्यांनी बघितलं. परवा जालन्याला दवाखाना, सिंधू सोबत येणार आहे.
मशीनवर पहिला जॉब मी कधीच बांधून ठेवलाय. एकच खाच. दहा मिनिटांचं काम.
दुपारी सिंधूला डोळा लागला होता. पदराची गाठ सैल झालेली. बोटांवरचं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं. हात किल्लीपर्यंत नेला.
थरथरला नाही. अजिबात नाही.