खंडेनवमीचे चार क्लॅम्प

शांती नगर, मीरा रोड
रविवार, ता. १५ फेब्रुवारी २००९

चि. लवू यास,

दादाचे आशीर्वाद. आईच्या पायांवर डोकं ठेवतो असं तिला सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. दिव्याची बारावी तोंडावर आलीय, त्यामुळे टीव्ही बंद, पाहुणे बंद, कुकरलासुद्धा परवानगी काढून शिट्टी मारावी लागते. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच आहे. डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, आणि आमची लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस सुट्टीवर.

वरसाव्याला गॅरेजात काम जोरात आहे. दोन शाळेच्या बस आणि एक व्हॅनिटी व्हॅन उभी आहे. माझे कान अजून शाबूत आहेत. परवा केबिनमध्ये बसून ओरडलो, "अरे, ड्रिलचं पातं बोथट झालंय, बदला!" तर आपला जुना वेल्डर बाळाराम म्हणतो, "शेठच्या कानांना वेगळा पगार चालू करा." सगळे हसले. मीही हसलो.

रत्नागिरीच्या सोलर हीटरवाल्यांकडची तुझी नोकरी झाली नाही, हे आईकडून कळलं. वाईट वाटलं. सगळीकडेच मंदी आहे. आज ना उद्या दुसरं काही मिळेल.

वरची ओळ लिहून मी उठलो, चहा केला, प्यायलो आणि परत बसलो. ती ओळ खोटी आहे. खोडत नाही, राहू दे तशीच. मी कसा लिहितो ते तरी दिसेल.

आता पहिल्यापासून लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण हे पत्र तुझ्या एकट्यासाठी नाही.

२००६ सालच्या श्रावणात गुणवंत शेठ आपल्याकडे नवी व्हॅनिटी व्हॅन बांधायला घेऊन आला. सीरियलच्या शूटिंगला भाड्याने द्यायची गाडी. त्याचं रडगाणं अजून माझ्या कानात आहे. "धर्माभाई, जनरेटर चालू करो तो साउंडवाला चिल्लाता है, बंद करो तो हिरोइन चिल्लाती है. उपर सोलर लगा दो, पंखा और आयने की लाइट चल जाये, बस. लेकिन छत में एक भी होल नहीं. पिछली गाडी का छत चाळणी हो गया था, हिरोइन के मेकअप पे पानी टपका." मी म्हणालो, "हो जायेगा." मी कधी नाही म्हणालोय? बस-बॉडीच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणारा माणूस स्वतःचं गॅरेज टाकतो ते 'हो जायेगा'च्या जोरावरच. कसं व्हायचं ते तू शोधायचास.

आणि तू शोधलंस. बसची पुढची काच ज्या काळ्या सीलंटने बसवतात, त्याच सीलंटने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या छपरावर चिकटवायच्या आणि पट्ट्यांवर दोन पॅनल कसायचे. वर आणखी छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून न्यायची जी पन्हळ असते, तिला चार क्लॅम्प पकडवून पॅनलचे कोपरे बांधायचे. एकही भोक नाही. मी तुझी पाठ थोपटली होती, आठवतं? शेठला मात्र सांगितलं की डोकं माझं.

दसऱ्याआधीच्या शुक्रवारी तू पट्ट्या चिकटवल्यास. खाली उतरून म्हणालास, "दादा, हे वरून सुकलेलं दिसेल, पण आत कच्चं असणार. आठ दिवस गाडी हलवायची नाही. आणि क्लॅम्प लागल्याशिवाय तर गेटच्या बाहेरच काढायची नाही."

पण शेठला गाडी सोमवारी हवी होती. सोमवारी दसरा. त्या मुहूर्ताला गाडी घरी न नेणारा गुजराती शेठ मी तरी पाहिलेला नाही, आणि त्याला नाही म्हणणारा गॅरेजवालाही.

शनिवारी तू क्लॅम्प बनवून रंगवून वाळत ठेवलेस. रविवारी खंडेनवमी. सकाळी तू पोचायच्या आत मी सगळी हत्यारं धुऊन लाल कापडावर मांडली. पाने, हातोडे, ड्रिल, आणि शेजारी तुझे चार क्लॅम्प. नवीन काम, म्हणून त्यांचीही पूजा. तुझ्या वहिनीने चारींना हळदकुंकू लावलं. तू आलास आणि दारातच थांबलास.

"दादा, एक तेराचा पाना उचलतो. पंधरा मिनिटांत क्लॅम्प लावून परत जागेवर ठेवतो."

"वेडा आहेस? पूजेतलं हत्यार उचलतात? ज्याच्यावर पोट भरतो त्याला वर्षातून एक दिवस झोपू दे."

"मग शेजारच्या गॅरेजातून पाना आणतो."

"त्यांची पूजा नाही वाटतं आज? आणि क्लॅम्पही पूजेतच आहेत. उद्या नारळ फुटला की लाव. कुठे पळतायत?"

तू एकदा वहिनीकडे बघितलंस. ती म्हणाली, "भावजी, उद्या लवकर या." संपलं.

दसऱ्याला शेठ मुहूर्ताच्या तासभर आधीच दोन गाड्या भरून माणसं घेऊन हजर झाला. पेढे, झेंडूचे हार, आजीबाई, नातवंडं. नारळ फुटला तेव्हा तू एका हातात क्लॅम्प आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन शिडीजवळ उभा होतास. आणि मी, शेठच्या माणसांदेखत, तुला म्हणालो, "राहू दे रे आता, मुहूर्त टळेल. संध्याकाळी गाडी परत मागवू, तेव्हा लाव."

हे वाक्य माझं होतं. ह्या गुरुवारपर्यंत ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

गाडी वरसाव्याच्या पुलावर चढली आणि खाडीवरच्या वाऱ्याने डावीकडचं पॅनल पट्टीसकट उचललं. मागून डोंगरीचा नाथा स्कूटरवरून येत होता. पॅनल रस्त्यावर आडवं पडलं, तो त्याच्यावरून घसरला. पाय दोन ठिकाणी मोडला आणि गुडघा कायमचा गेला. तिशीचा माणूस, बोटीवर जाणारा. त्यानंतर बोटीवर गेला नाही.

पोलीस गॅरेजात आले. साहेबाने विचारलं, "क्लॅम्प इथे कसे पडलेत? लावले का नाहीत?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "ते काम ह्याच्याकडे होतं." शब्दाने खरं होतं ते, लवू. म्हणूनच इतकं कामाला आलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "राहिलं माझ्याकडून."

खरं सांगू? त्या दिवसापासून मला तुझा राग येतो. तू तिथे बोंब मारली असतीस तर मी तुझ्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या, रात्रभर भांडलो असतो आणि दोघांनी मिळून निस्तरलं असतं. तू गप्प बसलास आणि मला मोकळं सोडलंस. मोकळा सुटलेला माणूस काय करतो? बोलत सुटतो. जो भेटेल त्याला मी सांगितलं, "भाऊ आहे, काय करणार, जरा बेफिकीर आहे." काशीमिऱ्यापासून ठाण्यापर्यंत एकाही गॅरेजने तुला दारात उभं केलं नाही. तू गावी गेलास तेव्हा मी स्टँडवरही आलो नाही. काम होतं असं सांगितलं होतं. काम नव्हतं.

अजून एक राहिलंय. तेच सांगायचं टाळत इथपर्यंत आलो.

दसऱ्याला गाडी गेटमधून बाहेर पडताना त्या गटाराच्या खाचेत मागचं चाक आपटलं. तेव्हा ढोल नव्हता, हॉर्न नव्हता, शेठ माझ्या तोंडात पेढा कोंबत होता. आणि मी छपरावरून आवाज ऐकला. चट्, चट्. अंगावरची चिकटपट्टी सोलताना येतो तसा. मला गाडीचा कुठला आवाज कशाचा, हे कधी कुणाला विचारावं लागलेलं नाही. त्या क्षणी मला कळलं होतं की पट्टी सुटतेय. गाडी दहा पावलांवर होती. नुसतं "ए, थांब!" म्हणालो असतो तरी ड्रायव्हर थांबला असता.

तोंडात पेढा होता असं मी स्वतःला दोन वर्षं सांगितलं. पेढा गिळायला कितीसा वेळ लागतो? शेठपुढे, त्याच्या आजीपुढे, गाडी गेटातच परत फिरवली तर धर्माजीचं नाव जाईल, एवढाच विचार होता.

नाथा मागच्या महिन्यात गॅरेजात आला होता. स्कूटरचा ब्रेक पायाने दाबता येत नाही, हातावर करून द्या म्हणाला. मी स्वतः करून दिला. बसल्या बसल्या मला म्हणतो, "शेठ, तुमचा भाव लय चांगला मानूस हाय. हास्पिटलान रोज येयाचा. मी इचारला, क्लिप तू कनाला न्हाय लावलीस? माझे पाय चेपीत बसला." मी त्याला म्हणालो, "हो, लवू तसाच आहे." एवढंच म्हणालो. ब्रेक छान लागतोय का ते विचारलं.

आणि आता तुझी नोकरी. ती मंदीमुळे गेली नाही. त्या हीटरवाल्या साहेबांचा मला फोन आला होता. तू माझं नाव दिलं होतंस. दुसरं कुणाचं देणार? सभ्य माणूस वाटला. म्हणाला, "लोकांच्या छपरांवर टाक्या आणि पॅनल बसवायचं काम आहे. खाली माणसं राहतात. भाऊ म्हणून नको, मालक म्हणून सांगा. भरवशाचा आहे का?"

मी म्हणालो, "हात सोन्याचा आहे, पण..." आणि थांबलो. लवू, मी पुढे काही बोललोच नाही. तो माणूस म्हणाला, "समजलो. बरं झालं विचारलं." ठेवला फोन.

तुझी वहिनी मागे चहा घेऊन उभी होती. तिने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दुसऱ्यांदा?" त्याला आज बारा दिवस झाले. घरात दिव्याच्या अभ्यासामुळे शांतता आहे असं आम्ही दिव्याला सांगतो.

मी गुरुवारी त्या साहेबांना परत फोन केला. सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "धर्माजीराव, माणूस घेतला आम्ही सोमवारीच. आणि राग मानू नका, आता मी तुमच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवू?" बरोबर आहे त्याचं.

तुला हेही कळेल की नाथाची केस डिसेंबरात तुझ्या नावावर मिटली आणि त्यानंतरच दादाला लिहायचं सुचलं. तसंच आहे. केस चालू असती तर हे पत्र मी लिहिलं नसतं. मी हिशेबी माणूस आहे आणि पश्चात्तापसुद्धा सोयीने करतो. माफ कर असं लिहायला बसलो होतो, पण ते लिहिलं की तू लगेच "जाऊ दे दादा" म्हणशील आणि मी पुन्हा मोकळा. म्हणून ते लिहीत नाही.

एक काम मात्र सांगतो. मागच्या वैशाखात आई मला फोनवर म्हणाली, "कौलं परतायला गडी बोलावलाय. लवूला वर चढू देत नाही मी. त्याच्या हातून एकदा माणूस मोडलाय." तू मागे अंगणात असणार, मला तुझा खोकला ऐकू आला. भर गावात, स्वतःच्या घराच्या छपरावर परका माणूस, आणि तू खालून त्याला कौलं देतोयस. मी म्हणालो, "बरं केलंस आई."

आईला वाचता येत नाही. हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार. आणि मी तुला ओळखतो, तू वाचता वाचता माझ्या बाजूने वाक्यं गाळशील. पेढ्याचं गाळशील, फोनचं गाळशील, 'बरं केलंस आई' तर नक्कीच गाळशील. यातलं एकही गाळू नकोस. नाहीच जमलं तर शेजारच्या शेवंतीकाकीला वाचायला दे, ती मोठ्याने वाचते आणि गावभर सांगते. ह्या वर्षी कौलं तूच वर चढून परतायचीस.

खाली सही केलीय आणि गॅरेजचा शिक्काही मारलाय. ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

पाना हातात असलेल्या भावाला ज्याने शिडीवर चढू दिलं नाही, तो

धर्माजी