गावाकडून आलाय

३ नोव्हेंबर १९४६, रविवार
हे लष्करातून सुटून आले त्याला अकरा दिवस. काल माधवनगरच्या गिरणीत नकार. मुकादमानं उजवा हात बघितला. दोन बोटं नाहीत, उरलेली आखडलेली. माग कसा चालवणार म्हणाला.

आज सकाळी काही न बोलता परसात तीन दगड मांडले, लोखंडी कढई पालथी घातली, खाली जाळ केला. मामंजींनी विट्याहून पाठवलेल्या गव्हाचं पीठ सैल मळलं. गोळा या हातावरून त्या हातावर टाकत राहिले. बघता बघता रोटी उपरण्याएवढी, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. उशीवर पसरली आणि कढईवर उलटली.

म्हटलं, हे तर मांडे!

"मांड्यात पुरण असतंय. ही नुसती मिठाची. लेबनानात मरकूक म्हणत्यात हिला."

घरमालकीण काकू कुंपणावरून बघत होत्या. पुरुषमाणूस चुलीशी. मी परसाचं दार लोटून घेतलं.

५ नोव्हें.
आज विचारलं, कुणी शिकवलं? रस्त्याच्या कामात सुरुंग उडाला, हात गेला. तिथं डोंगरात दवाखाना. शेजारी एक म्हातारी रोट्या करायची. "मूठच उघडायची न्हाई. म्हातारी रोज हातावर कणीक टाकायची. पडली की वरडायची. काय वरडायची देव जाणे. दोन महिन्यांनी बोटं हलली."

सांगताना हसले. आल्यापासून पहिल्यांदा.
गुळाबरोबर खाल्ल्या. लय (हा त्यांचा शब्द) छान.

८ नोव्हें.
मोठ्या बाई, म्हणजे माझ्या शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिका, पुण्याच्या, रविवारी चहाला येणार. "तुमचे मिस्टर मिलिटरीत ऑफिसर ना? भेट होईल."
हे पलटणीत साधे नाईक होते, ऑफिसर नव्हेत. ऑफिसर आहेत असं मीच भासवलं होतं कधीतरी. आजही खरं सांगितलं नाही.
यांना सांगितलं बाई येणार. इतके खूश! "रोट्या करतो की. तुझ्या बाईंनी खाल्ल्या नसतील असल्या."

१० नोव्हें., रविवार
लिहवत नाही. पण लिहिते.

मो. बाई आणि दोघी शिक्षिका आल्या. यांनी परसात जाळ घातलेला. अंगात बंडी, धोतर वर खोचलेलं, डोळे धुरानं लाल. गरम रोट्या घेऊन स्वतःच आत आले. नवा सदरा खुंटीला तसाच.

मो. बाई म्हणाल्या, "वा! आचारी कुठून मिळाला हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "गावाकडून आलाय."

आलाय. लग्नाला आठ वर्षं झाली, यांच्याबद्दल एकेरी शब्द तोंडातून कधी गेला नाही. आज गेला, तो यांच्यासमोर. सुधारायला वेळ होता. बशी पुसत बसले.

यांनी रोटीची घडी मो. बाईंच्या ताटात ठेवली. खाली बघूनच म्हणाले, "आनखी आनू का, बाईसाब?"
"आणा. आणि साहेब कुठायत?" हे मला.
"बाहेर गेलेत."
त्या सगळ्यांनी पोटभर खाल्लं.

११ नोव्हें.
हे माझ्या हातचं जेवले, ताट घासून ठेवलं. नको नको म्हटलं तरी.

१२ नोव्हें.
मो. बाई म्हणतात, गुरुवारी तपासणीच्या बाई त्यांच्याकडे फराळाला, तुमच्या आचाऱ्याला पाठवा. घरी येऊन कसंबसं सांगितलं.
"जातो की."
"नका ना जाऊ. मी सांगते त्यांना खरं."
"कवा सांगणार?"
उद्या म्हटलं.

१३ नोव्हें.
नाही सांगितलं. ऑफिसच्या दारापर्यंत गेले होते. आत इतर बाया होत्या.

१४ नोव्हें.
हे गेले. पीठ, उशी, कढई घेऊन. मी वर्गात पाढे म्हणवून घेत होते. बाराच्या पाढ्यापुढं मीच चुकत गेले.

१५ नोव्हें.
काल हे परतलेच नाहीत. मो. बाईंकडचा गडी कढई आणि उशी देऊन गेला. निरोप : "विट्याला जातो म्हणाले. आप्पा एकटे हायत, पेरणी हाय." मामंजींची पेरणी तर कधीच होऊन गेली.

आज मो. बाईंना सगळं सांगितलं. दाराची कडी लावून, उभ्यानं. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग : "मी त्यांना मागच्या दारी पत्रावळीवर वाढलं, हो. तुम्ही मला हे करायला लावलंत." रडायला आलं ते त्यांच्यासमोर नको म्हणून वर्गात गेले.

१७ नोव्हें., रविवार
पत्र नाही. काकूंनी विचारलं, हे कुठं दिसत नाहीत? काहीतरी ठोकून देणार होते. पण सांगितलं. यांना आचारी म्हणू दिलं मी, म्हणून गेले. काकू निवडत होत्या ते सूप खाली ठेवलं. "अगं, नवऱ्याला? अन् ते काय बोलले?"
"आणखी आणू का म्हणाले."
काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं होतं हसतील.

मामंजींना यांनी काय सांगितलं असेल? बहुतेक काहीच नाही. ते अधिक वाईट.

उद्याची रजा मागितली आहे. विट्याची मोटार सकाळी सातला. काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा जुळवून बघते, दुसऱ्या वाक्याला अडते. मामंजी अंगणात असणार. यांना मी नोकर ठरवलं ते त्यांच्यासमोरच सांगायचं, एवढं ठरवलं आहे. ऐकून हे आत निघून गेले तर पुढं काय, ते मात्र सुचत नाही.