पहिलटकरीण म्हणून

अव्वा,

नातीला दिवस गेलेत. परवा तिचं नाव नोंदवायला दवाखान्यात गेलो, तर नर्सने सहज विचारलं, कितवी खेप? एवढी म्हातारी झाले, तरी त्या प्रश्नाला भिते.

आणीबाणीचे दिवस होते ते. तिसरं मूल झालं की बाईचं ऑपरेशन केल्याशिवाय घरी सोडत नाहीत, असं वळसंगपासून सोलापूरपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. खरं किती, खोटं किती, कुणाला विचारणार? दोन मुलींवर आम्हा दोघांनाही मुलगा हवा होता. घरीच बाळंत व्हावं, तर दुसरीच्या वेळी रक्त जाऊन मी मरता मरता वाचलेली. शेवटी आई म्हणून तूच तोड काढलीस. पहिलटकरणीसारख्या हातभर हिरव्या बांगड्या मला भरल्यास आणि दवाखान्यात नर्सला म्हणालीस, "पैलीच खेप हाय, बाई. लई भित्री हाय पोर." भित्री तेवढं खरं होतं.

पहिलटकरणीला वेळ लागतो म्हणून नर्सने आपल्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. तिथंच, बघता बघता, तुझ्या हातांत तिसरी मुलगी आली. नर्स धावत आली, तुझ्यावर चिडली, मग माझ्याकडे नुसती बघत राहिली. पहिलं मूल असं येत नाही, हे तिला कळत होतंच.

दुसऱ्या दिवशी हे थोरलीला घेऊन आले. चार वर्षांची पोर. काय म्हणायचं ते तू तिला आधीच पढवून ठेवलं होतंस. नर्सने तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही तुझी कोण गं?" आता ही आई म्हणणार आणि सगळं उघडं पडणार. पोरीने माझ्याकडे पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली.

नर्स वळली. तिला पटलं की तिने डोळेझाक केली, कोण जाणे. थोरली खाटेपासून लांबच उभी राहिली. बाळ बघायला पुढे यायचं होतं तिला, पण मी बोलावण्याची वाट बघत होती. नर्स अजून दारात होती. मी बोलावलं नाही.

थोरलीला हे आठवतं का, मी कधी विचारलं नाही. हे पत्रही तिच्या हाती पडू देणार नाही. ती मावशी म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, अव्वा. त्याची लाज अजून जात नाही.