फौजदार आणि पोस्टाची पिशवी

मुरबाड,
६ जानेवारी २०२५

आयु. महेंद्रदादास,
धाकट्या संघरत्नाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सगळे खुशाल. थंडी बरी आहे. वालाच्या शेंगा आल्यात, शहापूरकडे कुणी निघालं की पाठवते.

तुझं कोंबड्याचं पत्र मिळालं. आधी हसले, मग वाईट वाटलं. रात्रभर धरणावर जागायचं, सकाळी घरी येऊन पाठ टेकायची, आणि तुझ्या सासूबाईंनी उंबरमाळीहून दिलेला तो फौजदार खिडकीखाली दिवसभर आरवत राहणार. त्यातून रत्नप्रभावहिनीचा त्याच्यावर जीव, म्हणजे तोंड उघडायची सोय नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये फोनवर कुजबुजलं तरी तिला ऐकू जातं म्हणून तू पत्रं लिहितोस, हे पटलं. माझी उत्तरं ठरल्याप्रमाणे तुझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर येतील.

आता माझं. आमच्या गावरेडिओवर दुपारी तीन ते साडेतीन माझा 'पोस्टाची पिशवी' हा कार्यक्रम असतो, हे तुला माहीत आहे. तू तो एकदाही ऐकलेला नाहीस, हे मला माहीत आहे. श्रोत्यांची पत्रं वाचायची आणि त्यावर गप्पा मारायच्या, एवढंच काम. पण पत्रं येतच नाहीत. सगळ्यांकडे फोन आहेत, तिकीट कोण चिकटवतंय? इतके दिवस मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना समोर बसवून लिहायला लावलं. आता शेजारी संपले. आमच्या समितीचे अध्यक्ष महिपतकाका म्हणतात, महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत हा कार्यक्रम कुणाला तरी हवा आहे असं दिसलं नाही तर तो बंद, आणि तो अर्धा तास ते स्वतः घेणार. विषयही ठरवून बसलेत: म्हशीचं पचन. त्यांच्याकडे म्हैस नाही.

तर दादा, रागावू नकोस. काल पिशवी रिकामी, प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला, आणि पर्समध्ये तुझं पत्र. वाचलं. नाव गाळलं आणि 'धरणावरचे एक दुःखी रातपाळीवाले' असं म्हटलं. सुरीला धार लावून ठेवल्याचा परिच्छेदही वाचला, कारण तिथे तुझी लेखणी फार छान चालली होती. काळजीचं कारण नाही. मधल्या डोंगरामुळे आपला आवाज भातसानगरला पोचत नाही, असं महिपतकाका छातीठोक सांगतात.

कळावे. लोभ आहे तेवढा शाबूत ठेवावा.
तुझी,
संघरत्ना

---

भातसानगर,
९ जानेवारी

चि. संघरत्नास,
जयभीम, आणि नाइलाजाने आशीर्वाद. वि. वि. आवाज पोचतो.

नुसता पोचत नाही, खणखणीत पोचतो. मी अर्धवट झोपेत होतो. शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या ओट्यावरून माझीच वाक्यं ऐकू यायला लागली. आधी वाटलं, मीच झोपेत बडबडतोय. उठून खिडकीत गेलो तर निम्मी वसाहत लक्ष्मीबाईंच्या रेडिओभोवती उभी, आणि मधोमध आमची रत्नप्रभा.

नाव गाळलंस, उपकार झाले. पण तिसऱ्याच वाक्याला आमचा दादा लहानपणापासूनच झोपाळू, असं बोलून गेलीस. वर कोंबड्याचं नावही सांगितलंस. या वसाहतीत फौजदार नावाचा दुसरा कोंबडा नाही.

रत्नप्रभा तडक घरात आली. घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळी आणि माझं दाढीचं सामान तिने लक्ष्मीबाईंकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून आम्ही कांदा बुक्कीने फोडून खातोय आणि मी दाढी वाढवलीय. सासूबाईंचा उंबरमाळीहून फोन आला. कोंबड्याचं येक पीस जरी कमी झालं ना जावयबापू, तर मी स्वता येऊन तुमची पिसं मोजीन, असं त्या म्हणाल्या. रात्री कामावर जाताना फाटकावरचा भगीरथ मला नमस्कार करायचा. हल्ली तो आरवतो.

माझी लाज गेली ती गेली. पण हे पत्र खाजगी आहे. हे वाचलंस तर तुझंमाझं नातं संपलं असं समज.

कळावे. लोभ होता.
महेंद्र

---

मुरबाड,
१५ जानेवारी

आयु. दादास,
संघरत्नाचा वाकून, कान धरून जयभीम. वि. वि. पिशवीत पत्रं आली! खरी पत्रं, तिकीट लावलेली, गोंदाने चिकट झालेली. पोस्टमननेच मला विचारलं की ताई, कोंबडा हाय का गेला?

टोकावड्याच्या जनाबाई लिहितात की कोंबड्याला मान उंच करता आली नाही तर आरवता येत नाही, म्हणून त्याच्यावर बुटकं डालगं पालथं घालावं. एका बचत गटाने फौजदाराला अभय द्यावं असा ठराव करून खाली सह्या आणि अंगठे पाठवलेत. एकाने रश्शाची कृती पाठवली आहे, ती मी वाचली नाही, तुझ्यासाठी सोबत जोडली आहे. डोंगरावरच्या वाडीतला नामा लिहीत नाही, म्हणून तो उतरून इथे सांगायला आला. म्हणाला, कोंबडा त्याच्या कामावर हाय, तुजा भाव त्याच्या कामावर हाय, दोघांच्या पाळ्या येगळ्या, त्यात सुरीचं काय काम नाय.

आणि सगळे एकच विचारतात, पुढे काय झालं? आता पुढे काय झालं ते तुझ्या दुसऱ्या पत्रात होतं. माझा इलाज चालला नाही, दादा. नातं संपलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. श्रोत्यांना फार आवडलं.

पण महिपतकाका खूश नाहीत. त्यांचं म्हणणं, ही सगळी पत्रं कोंबड्यासाठी आहेत, कार्यक्रमासाठी एकही नाही. कोंबडा मेला की कार्यक्रम मेला. 'पोस्टाची पिशवी' हवीच आहे असं कुणी लिहिलंय का, ते दाखवा म्हणतात. बैठक सत्तावीस तारखेला आहे. निदान तोवर फौजदाराला जगू दे.

आता एक खरं सांगते. आपल्या घरात बाबा, तू, मधला नरेंद्र, सगळेच मोठ्या आवाजाचे. मी तोंड उघडलं की तुम्ही गप गो म्हणायचात. सासरी आले तर तिथे बोलायला वेळ नव्हता. आता पन्नाशी उलटल्यावर हा अर्धा तास मिळालाय आणि त्यात मला मधेच तोडणारं कुणी नाही. तो गेला तर मला फार लागेल. म्हशीच्या पोटात गेला तर जास्तच लागेल.

कळावे. लोभ संपला असल्यास नव्याने भरावा.
संघरत्ना

---

भातसानगर,
२१ जानेवारी

चि. संघरत्नास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि. जनाबाईंना सांग, डालगं घालून पाहिलं. फौजदार आता विहिरीत पडल्यासारखा आरवतो.

सासूबाई आल्या आहेत. माझ्या खाटेवर त्या झोपतात आणि फौजदाराला माझ्या ताटलीत भिजवलेले तांदूळ घालतात. परवा मुरबाडहून जीप भरून माणसं त्याला बघायला आली. फोटो काढताना एक बाई मला म्हणाली, काका, जरा बाजूला व्हा, कोंबडा झाकला जातोय. सुऱ्या परत मिळाल्या आहेत, पण कांदा चिरेपर्यंत लक्ष्मीबाई दारात उभ्या असतात.

आता कामाचं. एक गोष्ट ध्यानात आली आहे. घरातला जुना रेडिओ दुरुस्त करून घेतला. तीन वाजता तुझा जयभीम-नमस्कार झाला की फौजदार मान वाकडी करून जो गप्प होतो, तो थेट साडेतीनला पुन्हा सुरू होतो. दिवसभरात मला तेवढीच अर्धा तास झोप मिळते. म्हणून समितीच्या नावे अर्ज केला आहे, तो महिपतकाकांना दे. मजकूर असा:

'अर्जदार धरणावर रातपाळीस असून त्यास दिवसा झोप नाही. सदर कोंबडा श्रीमती संघरत्ना यांच्या आवाजाव्यतिरिक्त कशानेही शांत होत नाही. सबब त्यांचा कार्यक्रम बंद न करता अर्ध्या तासावरून एक तास करावा. म्हशीच्या पचनाने कोंबडा शांत होईल याची हमी समिती घेणार काय, याचा लेखी खुलासा व्हावा.'

गैरसमज नको. मी ऐकत नाही, झोपतो.

कळावे. लोभाचा विचार चालू आहे.
महेंद्र

---

मुरबाड,
२८ जानेवारी

आयु. दादास,
संघरत्नाचा आनंदाने जयभीम. वि. वि. कार्यक्रम वाचला, आणि एक तासाचा झाला!

तुझा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचला गेला. महिपतकाकांनी हरकत घेतली की हा तर निवेदिकेचा सख्खा भाऊ. त्यावर समितीतली भिमी उठून म्हणाली, सख्खा भाव बहिनीच्या बोलन्याची गरज हाय असं लिहून देतो, म्हंजे गरज किती मोठी आसल बघा. सगळे हसले आणि हात वर झाले. काकांना सकाळी सहाची पाच मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात म्हशीच्या चार पोटांपैकी पहिलंसुद्धा होणार नाही म्हणून ते रुसलेत.

तुझे उपकार मी विसरणार नाही. पण घरी येऊन अर्ज पुन्हा वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तालुकाभरची माणसं ऐकतात, मला नावाने ओळखतात. आणि माझा दादा मी बोलायला लागले की झोपतो. कोंबडं ऐकतं आणि भाऊ घोरतो. एकदा, फक्त एकदा, जागा राहून ऐकशील का? आवडलं नाही तर पुन्हा नाही म्हणणार.

कळावे. लोभ मागत नाही, कान मागते.
संघरत्ना

---

भातसानगर,
१ फेब्रुवारी

प्रिय संघरत्नास,
रत्नप्रभाचा सप्रेम जयभीम. वि. वि. माझं पत्र बघून दचकू नकोस. कार्यालयाच्या पत्त्यावर येणारी तुझी पत्रं भगीरथ आधी मलाच आणून देतो. हे यांना कळवू नकोस, बिचारे खूप जपून लपवतात.

तुझं शेवटचं पत्र वाचून यांनी ते उशीखाली ठेवलं. उत्तर लिहायला चारदा बसले आणि उठले. त्यांच्याने लिहून होणार नाही, म्हणून मी लिहिते.

झोपतात कसले! अडीचला उठतात, तोंड धुतात, धुतलेला सदरा घालतात. घरात खरखर येते म्हणून रेडिओ पेरूखाली नेतात. फौजदार तुझ्या आवाजाने गप्प होतो, हे शुद्ध खोटं आहे. उलट तुझा आवाज आला की त्याला चेव चढतो. म्हणून हे त्याला मांडीवर घेतात आणि दोन बोटांत त्याची चोच धरून बसतात, तू साडेतीनला रजा घेईपर्यंत. श्वास नाकाने घेतो तो, काळजी करू नकोस. परवा माझी आई मधेच काही बोलायला गेली तर यांनी हात वर करून तिला थांबवलं. माझ्या आईला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. तीही खाली बसली आणि ऐकायला लागली.

कोंबडा ठेवा की कापा, असं मी काल यांना सरळ विचारलं. म्हणाले राहू दे, आता सवय झालीय धरायची.

कळावे. वालाच्या शेंगा पोचल्या, गोड निघाल्या. लोभ आमच्याकडे भरपूर आहे, येऊन घेऊन जावा.
तुझी वहिनी,
रत्नप्रभा

ता. क. अर्ध्या तासाचं ठीक होतं, आता पुरा तास झाला आहे. मधे एखादं गाणं लावत जा, म्हणजे यांना हात बदलता येईल.